खामकरबाईंचं रीळ

गुरुवारी दुपारी जेवून वर आलो, तर माझ्या कीबोर्डवर दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ आडवं ठेवलेलं होतं.

“खामकरबाई,” मी तिथूनच ओरडलो, “हे तुमचं रीळ इथं काय करतंय?”

पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं, “फाइल मी घेतलीय. नानांचे शब्द घ्यायचेत.”

“अहो, ते मशीनला कळतं. रीळ ठेवायची काय गरज?”

“मशीनला कळत असेल. तुम्हाला कळावं म्हणून ठेवलंय.”

मी हसलो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि असल्या बोलण्याला हसायचं असतं अशी माझी समजूत होती.

ही गोष्ट शहाण्णव सालची, फलटणची. रंगाच्या एका दुकानाच्या माडीवर अडीच खोल्यांत आमचं कोशाचं कार्यालय होतं. गावोगावचे सुतार, कुंभार, मोटकरी, चांभार आपापल्या कामात जे शब्द वापरतात आणि जे त्यांच्याबरोबरच मसणात जातात, ते गोळा करून छापायचे, हा दमयंती रणनवरे यांचा ध्यास. त्यांना सगळे ताई म्हणत. ताई संपादक, खामकरबाई टंकलेखक, आणि मी, हेमंत पोतनीस, पुण्याहून संगणक बसवायला वर्षाच्या करारावर आलेला तज्ज्ञ. तज्ज्ञ हा शब्द माझ्या नेमणूकपत्रात होता. तो मी फारच मनावर घेतला होता.

माझ्याआधी तिथं एक कपाट राज्य करत होतं. एकशेवीस खणांचं, सागवानी, प्रत्येक खणात हातानं लिहिलेली शब्दांची कार्डं. त्या कपाटाला कुलूप नव्हतं. पण रीत अशी की कुणी खण काढून टेबलावर नेला, तर त्या रिकाम्या जागेत आपली वस्तू ठेवायची. ताई चष्म्याची जुनी डबी ठेवत, खामकरबाई ते रीळ. जागेत रीळ दिसलं की समजायचं, खण बाईंकडे आहे, तो परत येईपर्यंत त्यातलं कार्ड कुणी लिहायचं नाही की हलवायचं नाही.

“आणि कुणी हलवलंच तर?” पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “का हलवेल?”

यावर मी कपाटालाच नावं ठेवली.

पण लबाडी करून सांगत नाही, माझा प्रोग्राम मी त्या रिळावरूनच बेतला होता. सगळे शब्द एकाच मोठ्या फाइलीत होते आणि तीन टर्मिनलांवरून तिच्यात लिहिता येत होतं. दोघांनी एकाच वेळी लिहिलं, तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या खाली गाडलं जाणार. म्हणून सी भाषेत मी एक ओळ घातली. लिहायला बसण्याआधी प्रोग्रामनं विचारायचं, या फाइलीवर कुणी बसलंय का? नसेल तर आपलं कुलूप लावून बसायचं. असेल तर थांबायचं. बाई फाइलीवर असल्या की दुसऱ्या टर्मिनलवर अक्षरं उमटायची, ‘फाइल खामकरबाईंकडे आहे. थांबावे.’ ताईंना ते इतकं आवडलं की त्या दिवशी त्यांनी खालून भजी मागवली.

या कुलपाची एक गंमत होती. ते हात धरत नाही. विचारणाऱ्याला उत्तर देतं, एवढंच त्याचं काम. एखादा प्रोग्राम न विचारताच आत शिरला, तर त्याला ते अडवत नाही. पुस्तकात त्याला सल्ल्याचं कुलूप म्हटलं होतं. ही गोष्ट त्या माडीवर फक्त मला माहीत होती.

तर तो गुरुवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती येणार होती. अनुदान त्यांच्या हातात, आणि मशीन ठेवायचं की नाही, माणसं किती ठेवायची, हेही तेच ठरवणार. अध्यक्ष मोकाशी नावाचे निवृत्त शिक्षणाधिकारी. त्यांच्यापुढे ‘म’चा संपूर्ण भाग अकारविल्हे लावून, जोडाक्षरांसकट, छापून ठेवायचा असा माझा बेत होता. अडतीस हजार शब्द वर्णानुक्रमे लावणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. आज पाहिला तर मलाच हसू येईल असा तो लिहिलेला होता. अडीच तास घ्यायचा. मग छपाई. म्हणजे दोनच्या आत तो सुरू व्हायला हवा होता.

आणि नेमक्या त्याच दिवशी ताईंना गणपत ठोंबरे सापडले.

खालच्या बोळात डोळ्यांचा दवाखाना होता. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातलेले एक ऐंशीच्या पुढचे आजोबा पायरीवर बसून होते. दोन-तीन तास धड दिसणार नाही, एसटीचा बोर्ड वाचता येणार नाही, म्हणून बसलेले. ताईंनी सहज विचारलं, “काय करत होता, नाना?” तर म्हणाले, “चाळीस वर्सं मोट हाकली.” ताईंनी त्यांना हात धरून माडीवर आणलं. मोट हाकलेला माणूस त्या दहा वर्षं शोधत होत्या.

बाईंनी कोरी कार्डं काढली, तेव्हा मीच मध्ये पडलो. “कार्डं कशाला? आधी लिहायचं, मग टाइप करायचं, दुप्पट काम. ते सांगतील तसं थेट मशीनवर घ्या.”

“कार्ड हाताशी राहतं,” बाई म्हणाल्या.

“मशीनवर जास्त राहतं.”

बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “घ्या मशीनवर. तो म्हणतोय ना.” बाईंनी कार्डं परत ठेवली, आणि मी खाली जेवायला गेलो तेवढ्यात माझ्या कीबोर्डवर रीळ ठेवून गेल्या. तीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलेली बाई. एकदा ठरलं की वाद नाही.

भिंतीपलीकडून नानांचा आवाज यायला लागला. “आवं बाई, मोट म्हंजी निस्तं पानी वडनं न्हाई. बैलं धावंच्या उतारावरनं खाली निघाली की नाड्यावर, त्या जाड दोरावर, बसायचं. आन् सोंदूर, ती बारकी दोरी, हातात. सोंदूर सुटला की समदं पानी थारोळ्यात पडायच्या आदी हिरीत.” मग बाईंच्या बोटांची टकटक. मग पुन्हा नाना.

मी घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी. माझ्या प्रोग्रामनं रीतसर विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं, थांबावे. बाई उठेपर्यंत, म्हणजे चार-साडेचारपर्यंत. मग छपाई कधी आणि मोकाशींना काय दाखवणार?

पलीकडे जाऊन ‘बाई, अडीच तास फाइल मला द्या’ म्हणता आलं असतं. ‘नानांचं कार्डावर घ्या’ असंही म्हणता आलं असतं. पण अर्ध्या तासापूर्वीच मी कार्डांना हसलो होतो. म्हणून मी माझ्या प्रोग्राममधली ती विचारायची ओळ काढून टाकली. कुलूप मीच केलेलं, मला कोण विचारणार? फाइल नुसती वाचायची तर आहे, असं मी मनाला सांगितलं. वाचून, लावून झाल्यावर तोच प्रोग्राम ती फाइल परत लिहिणार आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. खरं सांगायचं तर आलं होतं. अंधूक आलं होतं, आणि मी तिकडे बघितलं नाही.

कीबोर्डवरून कडेला सारलेलं रीळ उचललं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि बटण दाबलं.

साडेतीनच्या सुमारास पलीकडे एकदम हसू फुटलं. नाना हसत होते, ताई हसत होत्या, आणि त्यात तिसरं हसू होतं ते मला ओळखूच येईना. खामकरबाई हसत होत्या. आठ महिन्यांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला. मला वाटलं उठून जावं आणि विचारावं, काय झालं? पण पडद्यावरचे आकडे सरकत होते, मी बसून राहिलो.

सव्वाचारला नानांना दिसू लागलं. ताई त्यांना स्टँडवर पोचवायला गेल्या आणि तशाच घरी गेल्या. बाईंनी टीपकागदावर पेन्सिलीनं ‘४१’ लिहिलं आणि फाइल बंद केली. साडेचारला माझा प्रोग्राम संपला आणि त्यानं दोनच्या आधी वाचलेले अडतीस हजार शब्द, अगदी सुरेख क्रमानं, फाइलीवर लिहून टाकले.

शुक्रवारी मोकाशी ‘म’ची पानं चाळून खूश झाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेलोच होतो. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “मोट काढ हेमंत, कालचे नानांचे शब्द दाखवू त्यांना.”

पान निघालं. मोटेखाली जुन्या दोनच ओळी होत्या. ताईंनी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. मग टर्मिनलवर सोंदूर शोधला. नव्हता. थारोळं नव्हतं. एक्केचाळिसांपैकी एकही नव्हता.

मला त्याच क्षणी कळलं.

“बाईंनी साठवलं नसेल,” मोकाशी म्हणाले.

“मी साठवलं होतं,” खामकरबाई म्हणाल्या. “प्रत्येक शब्दाला.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पोतनीस, तुमचं मशीन काय म्हणतं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “बाईंचं कुलूप लागलेलं होतं. त्या बसलेल्या असताना दुसऱ्या कुणाला लिहिताच येत नाही.”

बाई म्हणाल्या, “मग माझ्याच हातून राहिलं असेल.”

मोकाशींनी वहीत काहीतरी लिहिलं. उठताना, बाई समोर असतानाच, ताईंना म्हणाले, “वय झालं की होतंच असं. पुढच्या महिन्यापासून यंत्राची सवय असलेली एखादी मुलगी बघा.” जिना उतरताना त्यांनी माझी पाठ थोपटली.

बाईंनी टीपकागदावरचा तो ‘४१’ खोडरबरानं पुसला.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. निघताना बाईंनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पिशवीत भरला. “उद्या ठोंबरेनानांच्या गावी जाऊन येते,” त्या ताईंना म्हणाल्या.

“मी पण येतो,” मी म्हणालो.

“तुमचं काय काम तिथं?”

“येतो.”

रविवारी सकाळच्या एसटीत आम्ही दोन माणसांच्या बाकड्यावर बसलो. बाईंनी खिडकी धरली. फाटा येईपर्यंत मूग गिळून बसलो होतो, मग खिशातून रीळ काढून त्यांच्या पिशवीवर ठेवलं.

“हे तुमचं.”

“मी कुठं ठेवलं होतं?”

“कीबोर्डवर.”

“मग काढलंत कशाला?”

मी सगळं सांगितलं. ती ओळ काढल्याचंही सांगितलं. एसटी खडखडत होती, त्यामुळे मोठ्यानं सांगावं लागलं. पुढच्या बाकावरच्या माणसानं दोनदा वळून बघितलं.

ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, “गुरुवारी जाताना न्यायला आले होते मी रीळ. जागेवर नव्हतं. तुमच्या खिशाला फुगवटा होता. शुक्रवारी मोट निघाली नाही तेव्हाच समजले.”

“मग तिथं बोलला का नाहीत?”

“विचारलं की तुम्हाला. मशीन काय म्हणतं म्हणून विचारलं.”

मी मान खाली घातली.

“चार परक्या माणसांत तुम्हाला खोटं पाडून शब्द परत येणार होते का? आणि मोकाशींनी मशीन उचलून नेलं असतं, मग ताईंचा कोश कधी व्हायचा? त्यांचं वय बघा.” रीळ त्यांनी पिशवीत टाकलं. “पण मी काही देवमाणूस नाही, पोतनीस. मला राग आलाय. चांगला आलाय. तीस वर्षांत माझ्या कामात कुणी चूक काढली नव्हती.”

“मी ताईंना सांगतो. समितीला सांगतो.”

“ते तुमचं तुम्ही बघा. राग उतरला की मी सांगेन.”

नाना गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. आम्ही पुन्हा आलेलो पाहून त्यांना आनंदच झाला. “परवाच सांगिटलं की समदं,” ते म्हणाले.

“आमच्याकडनं हरवलं, नाना,” बाई म्हणाल्या. ‘आमच्याकडनं’ म्हणाल्या.

“हरवलं? आता बघा, इसरलो तर म्हातारपन हाय.”

बाई एकेक कार्ड मांडीवर घेऊन लिहू लागल्या. नाडा आला, सोंदूर आला, थारोळं आलं. पण गुरुवारी नाना बोलत सुटले होते, शब्दातून शब्द निघत गेला होता. आज मागून मागून काढावे लागत होते. दोन तासांनी कार्डं मोजली तर सव्वीस. पंधरा आले नाहीत.

“नाना,” बाई म्हणाल्या, “तो एक होता बघा. बैल अर्ध्या धावेत थांबतो, दमल्याचं सोंग करतो, आणि मागं वळून मालकाचं तोंड बघतो. त्या सोंगाला तुम्ही काय म्हणालात? आपण किती हसलो होतो.”

नाना मोकळ्या तोंडानं हसले. “व्हय, व्हय! आमचा ढवळ्या करायचा तसं.” मग हसू थांबलं. त्यांनी कपाळ चोळलं, गोठ्याकडे बघितलं, जणू ढवळ्या सांगेल. “व्हतं खरं कायतरी. जिबंवर हाय बगा.”

सुनेनं चहा आणला, तो संपला. शब्द आला नाही. बाईंनी एका कार्डावर नुसता अर्थ लिहिला आणि वर शब्दाची जागा मोकळी ठेवली. नाना पुढच्या वर्षी संक्रांतीला गेले.

सोमवारी ताईंना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “पत्र तू लिही. मोकाशींना. आत्ता, इथंच बसून.” मी लिहिलं. बाईंची नोकरी राहिली. माझा करार मार्चनंतर वाढला नाही, तो वाढावा असं मलाही म्हणवलं नसतं.

पण त्या सोमवारी आणखी एक झालं. ती सव्वीस कार्डं मी बाईंच्याच खोलीत टाइप करायला बसलो. बाई शेजारच्या टर्मिनलवर होत्या. प्रोग्राममध्ये ओळ मी परत घातली होती, तो विचारणारच होता. तरी मी तोंडानं विचारलं, “बाई, फाइल मोकळी आहे का?”

त्यांनी वर पाहिलं नाही. “घ्या,” म्हणाल्या.

पुण्याला आलो, नोकऱ्या बदलल्या, केस गेले. हाताखाली मुलं आली. त्यांना मी एकच गोष्ट इतक्यांदा बजावत असे की ती माझी नक्कल करत, ‘आधी विचारा!’ का, ते कधी सांगितलं नाही. त्या माडीची मात्र आठवण येत राहिली. खालून येणारा रंगाचा वास, ताईंची भजी, भिंतीपलीकडची टकटक. आयुष्यात मी मोठमोठ्या इमारतींत कामं केली, पण जिथं कपाटाला कुलूप लागत नसे अशी जागा ती एकच.

दोन हजार चारमध्ये कोशाचा खंड पोस्टानं घरी आला. ताईंनी पाठवला होता, आतल्या पानावर सही होती. मी आधी मोट काढली. नाडा, सोंदूर, थारोळं, सगळं तिथं होतं, आणि शेवटी ठळक टाइपातल्या शब्दाशिवाय एक नोंद होती. ‘बैलाने दमल्याचे सोंग करून मालकाचे तोंड पाहणे. शब्द मिळाला नाही. सांगणार: ग. ठोंबरे.’ पुस्तक मांडीवर ठेवून मी रडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला काय सांगावं ते कळेना.

त्यानंतर आठवड्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. कोर्टातल्या बाईचं सरळ, न थरथरलेलं अक्षर. मायना नाही, ख्यालीखुशाली नाही.

‘राग उतरला. तो शब्द मात्र अजून आठवत नाही. तारामती खामकर.’